आखूड नळीच्या रायफलीवरचा कर गेला, नोंदणी राहिली

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत आखूड नळीच्या रायफलीवरचा २०० डॉलरचा फेडरल कर शून्य झाला आणि तेव्हापासून आमच्या पेनसिल्व्हेनियात ‘आता परवानगीची भानगडच संपली’ असे बोलणे माझ्या कानावर अनेकदा आले आहे. हा समज माणसाला तुरुंगात नेऊ शकतो. कर गेला असला तरी एटीएफकडे (बंदुकांचे नियमन करणाऱ्या फेडरल संस्थेकडे) करायचा अर्ज, बोटांचे ठसे, छायाचित्र आणि मंजुरी येईपर्यंत थांबणे हे सारे जसेच्या तसे आहे, आणि नोंदणीविना अशी रायफल बाळगणे हा दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हाही आहे.

या कायद्याचे मूळ १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमध्ये आहे. मूळ विधेयकात पिस्तुलांवरही बंधन घालायचे होते, आणि रायफल कापून तिचे पिस्तूल करण्याची पळवाट राहू नये म्हणून आखूड रायफलींचा त्यात समावेश झाला. पुढे पिस्तुले विधेयकातून वगळली गेली, पण पळवाट बुजवणारे कलम मात्र राहिले. साधे पिस्तूल या नोंदणीविना घेता येते आणि त्याहून मोठी, लपवायला अवघड असलेली रायफल घेता येत नाही, ही विसंगती तिथून आलेली आहे. मला ती पटत नाही. परंतु न पटणारा कायदाही तंतोतंत पाळावा लागतो.

नळी १६ इंचांपेक्षा किंवा रायफलीची एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर ती या कायद्याखाली येते. बहुतेकांची चूक मोजण्यात होते. नळी बाहेरून दिसते तेवढी मोजायची नसते; बोल्ट (नळीचे मागचे टोक बंद करणारा भाग) बंद करून नळीच्या पुढच्या तोंडाकडून आत सरळ काठी घालायची, ती बोल्टला टेकली की तोंडापाशी खूण करायची आणि तेवढी लांबी धरायची. नळीच्या टोकाला आट्यांनी बसवलेला मझल ब्रेक (गोळी सुटतानाचा धक्का कमी करणारा जोड) या मापात धरला जात नाही. तो वेल्डिंगने किंवा खीळ ठोकून वर वेल्ड करून, अशा एखाद्या मान्य पद्धतीने कायमचा बसवलेला असेल, तरच धरला जातो. साडेचौदा इंचांच्या नळीला असा जोड देऊन १६ इंच भरवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना नोंदणी लागत नाही.

रायफल स्वतः बनवायची असेल तर फॉर्म १ आणि तयार विकत घ्यायची असेल तर फॉर्म ४ भरावा लागतो. फॉर्म १ मंजूर होण्याआधी भाग जोडणे हाच गुन्हा आहे. शिवाय जवळ असलेल्या सुट्या भागांचा आखूड रायफल जोडण्याखेरीज दुसरा काही उपयोग नसेल, तर न जोडताही अडचण येऊ शकते. थॉम्पसन/सेंटर या बंदुका बनवणाऱ्या कंपनीच्या १९९२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्याचा ऊहापोह केला होता. म्हणून आखूड नळी आधी मागवून ठेवू नये, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

इथपर्यंतचे सारे फेडरल कायद्याचे झाले, आणि एटीएफची मंजुरी ही राज्याची परवानगी नव्हे. पेनसिल्व्हेनियात फेडरल नोंदणी असलेली आखूड रायफल चालते, पण डेलावेअर नदीपलीकडच्या न्यू जर्सीत १६ इंचांहून कमी नळीची रायफल ‘सॉड-ऑफ शॉटगन’च्या (कापून आखूड केलेल्या बंदुकीच्या) व्याख्येत बसते आणि ती बाळगणे हा तिसऱ्या श्रेणीचा गुन्हा ठरतो, ज्याला तीन ते पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते. आपल्यातल्या कितीतरी जणांचे नातेवाईक न्यू जर्सीतल्या एडिसनला आहेत आणि सणावाराला नदीवरचा पूल ओलांडणे नेहमीचेच असल्यामुळे, गाडीच्या डिकीत काय आहे याचा विचार घरून निघण्यापूर्वीच करावा. जिथे ही रायफल चालते अशा दुसऱ्या राज्यात न्यायची झाली, तरी एटीएफची लेखी मंजुरी प्रवासाआधी घ्यावी लागते.

एच-१बीसारख्या बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्यांसाठी तर प्रश्न याच्याही आधीचा आहे. वैध शिकार परवान्यासारखा एखादा अपवाद लागू नसेल, तर फेडरल कायद्याने त्यांना कोणतीही बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही.

१९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट उचलून धरला तो कर बसवण्याच्या अधिकाराच्या आधारावर. आता करच शून्य असताना नोंदणी कशाच्या बळावर टिकते, असा प्रश्न विचारणारे दावे दाखल झाले आहेत. मला तो युक्तिवाद भक्कम वाटतो. तरीही एखादा दावा दाखल झाल्याने नोंदणीचे बंधन आपोआप सैल होत नाही, आणि तो उद्या यशस्वी झाला तरी न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा त्यामुळे रद्द होणार नाही.