बजेट मिळतं हो, पण पैसा कळतो का?

नोकरीतल्या मॅनेजरने धंद्याची नजर कशी कमवायची, असं कुणी विचारलं की लोक लगेच लीडरशिप, रिस्क घ्या, आउट ऑफ द बॉक्स वगैरे सुरू करतात, मला तर जांभया येतात. माझं म्हणणं सोपंय, आधी पैसा कसा फिरतो ते बघा. आपल्याला बजेट मंजूर होऊन मिळतं, पगार वेळेवर होतो, त्यामुळे खात्यात पैसे कधी आले नि कधी गेले याच्याशी आपला संबंधच येत नाही.

साधा हिशोब घ्या. 100 ची ऑर्डर, खर्च 80, नफा 20, सेल्स टीम खूष. पण सप्लायरला 30 दिवसांत द्यायचेत आणि कस्टमर देणार 90 दिवसांनी, म्हणजे मधले 60 दिवस ते 80 आपलेच अडकले. अशी ऑर्डर दर महिन्याला यायला लागली की दोन ऑर्डरींचे मिळून कायम 160 अडकून, धंदा डबल झाला की 320! नफ्यातली कंपनीसुद्धा अशी बुडते बरं का. म्हणून अकाउंट्सवाल्यांशी दोस्ती करा, येणे बाकीची लिस्ट मागून घ्या आणि जमलं तर वसुलीचे एकदोन फोन स्वतः करा, माल उशिरा आला, बिलात चूक होती, असलं सगळं तिथे बाहेर येतं, सर्व्हेत कोण एवढं लिहितंय.

दुसरं म्हणजे छोटे प्रयोग. थ्रीएम या अमेरिकन कंपनीच्या पोस्ट-इटची, म्हणजे त्या चिकटवून परत काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांची, गोंदाची गोष्ट बऱ्याच जणांना माहितीये, मला पुढची जास्त आवडते. 1977 ला चार शहरांत विकायला ठेवलं तर काही खास चाललं नाही, कारण वापरल्याशिवाय लोकांना कळेचना की हे हवंय कशाला. मग 1978 ला अमेरिकेतल्याच बॉइझी शहरात फुकट वाटलं, आणि वापरून बघितलेल्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले विकत घेऊ. वस्तू तीच होती.

असला प्रयोग बॉसकडे नेताना चाळीस स्लाइड नकोत, एक पान पुरे, किती पैसे, किती दिवस, आणि काय दिसलं तर बंद करायचं. हे शेवटचं आधीच लिहिलेलं असलं ना की सही लवकर मिळते, कारण थोडे पैसे गेले तर बॉसला चालतं, प्रयोग वर्षभर रेंगाळत राहिला तर नाही.