विर्गोहाम्ना: राशीचं नाव नाही हो!

माझ्या टेबलाच्या काचेखाली स्वालबार्डचा, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांचा, नकाशा आहे. त्याच्या वायव्य कोपऱ्यात, ८० अंश उत्तर अक्षांशाच्या जरा अलीकडे, 'विर्गोहाम्ना' या नावाभोवती लाल पेन्सिलीनं केलेला एक गोल आहे. घरी येणारा ते नाव वाचतो आणि विचारतो, "विर्गो म्हणजे कन्या रास ना? तुमची रास कन्या का?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगतो.

'हाम्ना' म्हणजे नॉर्वेजियन भाषेत बंदर. क्रेन, गोदामं डोळ्यांसमोर आणू नका. कोकणात चार होड्या लागतील एवढ्या आडोशालाही आपण बंदर म्हणतो, तसलं. डान्स्कोया बेटाच्या उत्तर किनाऱ्याला पडलेली एक छोटी खाच. पाठीशी डोंगर, पुढे दगडगोट्यांची पुळण, समोर अरुंद सामुद्रधुनी आणि पलीकडे दुसरं बेट, अ‍ॅमस्टरडामोया. भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र ज्या नी-ऑलेसुंडला आहे, तिथून हे ठिकाण नव्वदेक किलोमीटर उत्तरेला.

आजूबाजूची नावं देवमासे मारणाऱ्यांची. डान्स्कोया म्हणजे डेन लोकांचं बेट. समोरच्या बेटावरचं स्मीरेनबर्ग म्हणजे सरळसरळ 'चरबीगाव'. १७व्या शतकात डच लोक तिथे देवमाशाची चरबी कढवून तेल काढत. मला हे नाव फार आवडतं, कसलाही आव नाही त्यात.

'विर्गो' मात्र आगबोट होती. सालोमन ऑगस्ट आंद्रे या स्वीडिश इंजिनियरला हायड्रोजनच्या फुग्यात बसून उत्तर ध्रुवावर जायचं होतं. १८९६च्या उन्हाळ्यात 'विर्गो' त्याला इथे घेऊन आली. पाईक नावाच्या इंग्रजानं १८८८-८९चा हिवाळा काढला ते लाकडी घर किनाऱ्यावर होतंच. फुग्यासाठी मोठी लाकडी शेड उभी राहिली, लोखंडाचा कीस आणि गंधकाम्ल यांतून वायू तयार झाला, फुगा भरला. आता फक्त दक्षिणेचा वारा हवा होता. तो काही येईना. ऑगस्टमध्ये ध्रुवीय संशोधक नान्सेनचं 'फ्राम' जहाज तीन वर्षांनी बर्फातून सुटलं, ते इथे येऊन 'विर्गो'ला भेटून गेलं. आंद्रे अजून वाऱ्याचीच वाट बघत होता. शेवटी फुगा रिकामा करून मंडळी परत निघाली.

पुढच्या वर्षी तो आला 'स्वेन्स्कसुंड' या दुसऱ्याच जहाजातून. ११ जुलै १८९७ला वारा मिळाला. स्ट्रिंडबर्ग आणि फ्रॅंकेल या दोन सोबत्यांसह त्याचा फुगा सुटला, लगेच खाली येऊन पाण्याला टेकला आणि फुग्याला दिशा देण्यासाठी खाली सोडलेल्या दोरांचा बराचसा भाग मागेच राहिला. तीन दिवसांत ते बर्फावर उतरले. त्यांचे अवशेष, डायऱ्या आणि स्ट्रिंडबर्गनं काढलेल्या फोटोंच्या फिल्म सापडल्या त्या थेट १९३०मध्ये, दूर पूर्वेला क्वितोया बेटावर.

गंमत बघा, बंदराला नाव ना आंद्रेचं, ना फुग्याचं, ना उड्डाणाच्या वर्षी त्याला घेऊन आलेल्या जहाजाचं. नाव राहिलं ते सगळ्यांना सुखरूप घरी परत नेणाऱ्या बोटीचं. लाल गोल त्यासाठी आहे.

पुढे १९०६ ते १९०९ वेलमन नावाच्या अमेरिकन पत्रकारानंही इथूनच एअरशिप, म्हणजे इंजिन लावलेलं फुग्याचं जहाज, उडवायचे प्रयत्न केले. ते ध्रुवाच्या जवळपासही गेलं नाही. दोघांचं मोडकं सामान अजून किनाऱ्यावर पडलेलं आहे आणि तिथे उतरायचं तर स्वालबार्डच्या प्रशासनाची परवानगी लागते.

आणि माझी रास वृश्चिक.