खर्च होऊन गेल्यावर विचारून काय उपयोग?

“पैसे तर केव्हाच गेले. आता चार-पाच वर्षांनी लोकलेखा समितीनं सचिवांना बोलावून विचारलं, तर त्याचा उपयोग काय?” लोकलेखा समिती म्हणजे झालेल्या सरकारी खर्चाचा जाब विचारणारी खासदारांची किंवा आमदारांची समिती. लेखापरीक्षणाच्या नोकरीतून निवृत्त झाले तरी हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, अहवालाची बातमी आली की फोन येतात, लग्नकार्यात कुणीतरी शेजारी खुर्ची ओढून बसतं. विचारणाऱ्याला खरंच वाईट वाटत असतं, हे मला कळतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

एका सरकारी रुग्णालयात आमची तुकडी तपासणीला गेली होती. जिन्याखालच्या बोळात भिंतीला लावून पाच मोठी खोकी ठेवलेली. वरच्या प्लॅस्टिकवर धुळीचा जाड थर. बाण वर असायला हवेत, तर दोन खोक्यांचे बाण जमिनीकडे. आत नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं होती, वॉर्मर म्हणतात ती. साठा नोंदवही काढायला सांगितली. यंत्रं आली ३१ मार्चला. बिल ३१ मार्चचं. आणि “यंत्रे सुस्थितीत मिळाली, बसविली, चालू आहेत” हा सहीशिक्क्याचा दाखलाही ३१ मार्चचाच. आम्ही तिथं उभ्या होतो पुढच्या वर्षीच्या जून महिन्यात.

कारण विचारलं तर साधं होतं. ज्या खोलीत यंत्रं बसवायची तिथल्या वायरिंगला तो भार पेलणारा नव्हता. विजेच्या कामाचं अंदाजपत्रक मंजूर व्हायचं होतं. मार्च संपत आला, अनुदान परत जाईल म्हणून खरेदी उरकली, आणि बिल काढायचं तर बसवल्याचा दाखला हवा म्हणून तोही दिला. कुणी पैसे खिशात घातले असं मला त्या कागदांत कुठंही दिसलं नाही. पण यंत्रांची एक वर्षाची वॉरंटी दाखल्याच्या तारखेपासून सुरू झाली होती. ती खोक्यांतच संपली.

अशा वेळी आम्ही अर्धसमास देतो. म्हणजे कागद उभा निम्म्यात दुमडायचा, डाव्या बाजूला आमची विचारणा, उजवी बाजू कार्यालयाच्या खुलाशासाठी कोरी. वर्षानुवर्षं मी त्या कोऱ्या बाजूकडे बघत आले. कुणी लिहितं “नोंद घेतली”. कुणी दोन ओळींत जबाबदारी आधीच्या साहेबांवर ढकलतं. इथं उत्तर आलं होतं, “रुग्णसेवेची तातडीची गरज लक्षात घेऊन खरेदी केली.” तातडीच्या गरजेची यंत्रं चौदा महिने बांधून ठेवलेली! त्या बोळातून रोज बाळंतिणी ये-जा करत होत्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. संविधानाच्या अनुच्छेद २६६ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, एक रुपयाही काढता येत नाही. तो कायदा म्हणजे विनियोजन विधेयक. ते सभागृह मंजूर करतं, तेव्हा अमुक कामासाठी अमुक रक्कम, अशी ती परवानगी असते. ज्यानं परवानगी दिली त्याला पुढं काय झालं ते सांगायला नको? वॉर्मरसाठी पैसे दिले होते, खोक्यांसाठी नव्हे.

लोक म्हणतात, खर्चाआधीच नीट तपासा की. तपासायला हवंच. पण अर्थसंकल्पी मागण्यांवर सभागृहात किती चर्चा होते ते बघा. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. २०१८ साली गोंधळात लोकसभेनं सगळ्याच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. देशाचा वर्षाचा खर्च, आणि त्यावर सभागृहात प्रश्न नाही. विभागवार स्थायी समित्या या मागण्या आधी पाहतात, त्यांचं काम मोलाचं आहे, पण त्यांच्यासमोर असतो तो बेत. खोकी उघडली की नाही हे बेतात दिसत नाही.

ते दिसतं लेखापरीक्षणात, आणि तिथून लोकलेखा समितीत. ही समिती आपल्याकडे १९२१ पासून आहे. संसदेच्या समितीत २२ सदस्य, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाही, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. राज्याच्या विधिमंडळाची समिती वेगळी. जिल्हा परिषदांच्या कारभारासाठी पंचायत राज समिती असते. ती दौऱ्यावर येणार म्हटलं की आठवडाभर रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, हे जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी पाहिलेलं असेल. लोकलेखा समितीपुढं साक्षीला विभागाचे सचिव येतात. निर्णय योग्य की अयोग्य हे राजकारण तिथं बाजूला राहावं अशी अपेक्षा असते. विचारायचं एवढंच, की पैसा ज्यासाठी दिला त्यासाठी, नियमानं आणि काटकसरीनं गेला का.

अपेक्षा दर वेळी पुरी होत नाही. टूजीच्या, म्हणजे मोबाइल कंपन्यांना दिलेल्या दूरसंचार परवान्यांच्या, प्रकरणात झाली नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये कॅगचा अहवाल आला आणि देशभर एकच आकडा घुमला, १ लाख ७६ हजार कोटींचा संभाव्य तोटा. पुढं लोकलेखा समितीतच पक्षांनुसार फूट पडली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १२२ परवाने रद्द केले, तर २०१७ मध्ये विशेष न्यायालयानं सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. तेव्हापासून मला विचारतात, “मग कॅग खोटं बोललं का?” माझं मत असं, की आकड्यावर भांडण्यात सगळ्यांनी तारीख सोडून दिली. परवान्यांसाठीचे अर्ज १ ऑक्टोबर २००७ पर्यंत घेऊ असं सरकारनं जाहीर केलं होतं, आणि नंतर २५ सप्टेंबरपर्यंत आलेलेच अर्ज विचारात घेतले. लिलाव झाला असता तर किती मिळाले असते, हा अंदाज आहे, त्यावर वाद होऊ शकतो. खेळ सुरू झाल्यावर रेघ मागं सरकवली, याला अंदाज लागत नाही. गुन्हा सिद्ध होणं ही न्यायालयाची बाब. प्रक्रिया वाकवली का, हे विचारणं संसदेचं काम, आणि ते आरोपी सुटले म्हणून संपत नाही.

खरेदीतल्या बहुतेक गोष्टी अशाच तारखांतून कळतात. निविदेची मर्यादा टाळण्यासाठी एकाच कामाचे चार तुकडे पाडलेले असतात, आणि चारही कार्यारंभ आदेश एकाच दिवसाचे. तीन वेगवेगळ्या पुरवठादारांची दरपत्रकं असतात आणि तिघांनीही एकच शब्द सारखाच चुकवलेला असतो. हे पकडायला फार हुशारी लागत नाही, कागद शेवटपर्यंत वाचावा लागतो.

तुमच्या प्रश्नातली उशिराची तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. त्यावर मी कुणाचीही बाजू घेणार नाही. अनुच्छेद १५१ प्रमाणे कॅगचा अहवाल केंद्रात राष्ट्रपतींकडे आणि राज्यात राज्यपालांकडे जातो, आणि तिथून सभागृहाच्या पटलावर. पण किती दिवसांत ठेवायचा, हे तिथं लिहिलेलं नाही. मग तयार अहवाल पडून राहतो, आणि कित्येकदा अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी येतो. सभासद बॅगा भरत असताना. समितीची पाळी येईपर्यंत खर्च करणारा अधिकारी बदलून गेलेला, कधी निवृत्त झालेला. साक्षीला येतो तो बिचारा दुसऱ्याची फाईल वाचून उत्तर देतो. अहवाल राष्ट्रपतींकडे किंवा राज्यपालांकडे गेल्यापासून ठरावीक दिवसांत तो पटलावर आलाच पाहिजे, आणि अधिवेशन नसेल तरी लोकांना वाचायला मिळाला पाहिजे, असा कायदा व्हावा यासाठी मी भेटेल त्या लोकप्रतिनिधीला गळ घालते. यात कुठल्याही पक्षाचं नुकसान नाही. आज सत्तेत असलेले उद्या विरोधात बसतात, तेव्हा त्यांनाच तो अहवाल वेळेवर हवा असतो.

त्या खोक्यांचा परिच्छेद अहवालात आला. समितीपुढं जायला त्याला आणखी काही वर्षं लागली. अनेक प्रकरणांतलं ते एक, त्यावर बातमी आली नाही. समितीनं शिफारस केली, की यंत्र जागेवर प्रत्यक्ष चालू झाल्याशिवाय बसवल्याचा दाखला देऊ नये. विभागानं तसं परिपत्रक काढलं, आणि मीही ते विसरून गेले.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दुसऱ्याच एका रुग्णालयात तपासणीला गेले होते. भांडारपाल तरुण होता. साठा नोंदवहीत मी सवयीनं आधी मार्चअखेरची पानं उघडली. ३१ मार्चची नोंद होती, निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात: “खोकी ४ मिळाली. उघडली नाहीत. वीजजोडणी बाकी. बसविल्याचा दाखला दिलेला नाही.”

“मग बिलाचं काय झालं?” मी विचारलं.

“थांबवलं, मॅडम. अनुदान परत गेलं. साहेब फार रागावले होते.”

“आणि तुम्ही?”

तो उठला, कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला, कडा पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीनं लावलेलं ते परिपत्रक होतं. पहिल्या ओळीतल्या “लोकलेखा समितीच्या शिफारशीनुसार” या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ मारलेली होती.

“हे दाखवलं त्यांना,” तो म्हणाला. “जोडणी जुलैत झाली, आणि त्याच आठवड्यात यंत्रं लावली. चला, दाखवतो.”