बुटक्या शेळ्या, छातीचा घेर आणि रक्ताचा रिपोर्ट

बुटकी शेळी दिसली की लोक लगेच म्हणतात, "अरे हिची वाढ खुंटलीय का?" मला ते ऐकवत नाही. पूर्ण वाढ झालेली शेळी खांद्यापाशी साधारण ५० सेंमीच्या आत असेल तर ती बुटक्या गटातली, आणि ते वंशातूनच आलेलं असतं, उपासमारीतून नाही. त्यातही दोन तऱ्हा आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या बुटक्या शेळीचं धड चांगलं भरीव, पिंपासारखं, पण पाय आखूड, म्हणजे पायाची हाडंच कमी वाढलेली. ब्लॅक बेंगॉल ही बंगालकडची जात मात्र सगळीकडूनच प्रमाणात लहान, लांबून फोटो बघितला तर साइज कळतच नाही.

म्हणून नुसती उंची मोजून काही कळत नाही. पुढच्या पायांच्या बरोबर मागून टेप फिरवून छातीचा घेर घ्यायचा, कारण वजनाशी सगळ्यात जवळचं नातं त्याचंच. शेळी चारी पायांवर सरळ उभी हवी, टेप केसांना टेकलेला पण आवळलेला नको, मान खाली घातली की आकडा बदलतो. आणि मोठ्या जातीच्या शेळ्यांसाठी केलेला वजनाचा तक्ता हिला लावू नका प्लीज, आखूड पायांमुळे सगळं गणितच चुकतं आणि मग जंताच्या औषधाचा डोससुद्धा चुकतो.

आता रक्त, माझा सगळ्यात आवडता भाग. शेळीच्या तांबड्या पेशी इतक्या बारीक की माणसाची पेशी साधारण साडेसात मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तर हिची ३ ते ४, पण संख्या भरपूर, एका मायक्रोलिटरमध्ये ८० लाख ते १ कोटी ८० लाख. त्यामुळे माणसांसाठी सेट केलेल्या मशीनमध्ये सॅम्पल टाकलं तर रिपोर्टवर भरवसा ठेवू नका, पेशी मोजायच्या राहून जातात किंवा प्लेटलेट्समध्ये धरल्या जातात. पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग, सर्वसाधारणपणे २२ ते ३८ टक्के आणि हिमोग्लोबिन १०० मिली रक्तात ८ ते १२ ग्रॅम. माणसाच्या हिशोबाने बघणारा घाबरेल, पण शेळीसाठी ते एकदम नॉर्मल आहे. शेळी बुटकी म्हणून रक्त पातळ असतं हा समज तर डोक्यातून काढूनच टाका.

उलट पश्चिम आफ्रिकेतली ही शेळी त्से त्से माशीच्या पट्ट्यात राहते, ती माशी ट्रिपॅनोसोमा नावाचा परजीवी पसरवते, त्याने जनावराचं रक्त झपाट्याने उतरतं, पण ही बुटकी तिथे बऱ्यापैकी टिकून राहते. आणि रक्त फारच कमी झालं ना, की शेळीचं शरीर सी प्रकारचं वेगळंच हिमोग्लोबिन बनवायला लागतं, मला तर हे वाचून थक्क व्हायला झालं होतं!

रोजच्या कामाला मात्र खालची पापणी बघणं सगळ्यात सोपं. हलकेच ओढून आतला रंग उजेडात बघायचा, लालबुंद असेल तर ठीक, पांढरट पडला असेल तर बहुतेक वेळा पोटातला हिमॉन्कस जंत रक्त पितोय असं समजा आणि डॉक्टरांना बोलवा. सॅम्पल काढताना शेळीला पळवून, दमवून धरू नका, घाबरली की प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या पेशी रक्तात येतात, पीसीव्ही उगाच वर दिसतो. हगवणीने अंगातलं पाणी कमी झालं असेल तरी तेच होतं, रिपोर्ट छान आणि शेळी मात्र फिकी, अशा वेळी पापणीचं ऐका.