सोलापुरात उणे 40

मे महिना, पत्र्याच्या शेडखाली टाळू भाजायलीय, आणि स्कॅनरवर कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान उणे 40. पोरं हसायलीत. हसू दे, फॉल्ट मीच टाकलेला. ट्रेनिंगच्या गाडीला मी स्वतः फॉल्ट बॉक्स बनवलाय, 12 स्विचचा, 7 नंबर दाबला की कूलंट सेन्सरची सिग्नल वायर तुटते आणि सर्किट ओपन झालं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, समजतो बाहेर बर्फ पडायलाय.

14 पोरांची प्रॅक्टिकल. दहा जणांनी पी-0118, हा कूलंट सेन्सरच्या सर्किटचा कोड वाचून लिहिलं, सेन्सर बदला. हा रोगच आहे, निम्मे गॅरेजवाले तेच करतात, कोडात सेन्सरचं नाव दिसलं की नवीन टाक, पैसे गिऱ्हाइकाचे. तिघांनी लिहिलं सिग्नल वायर ओपन, दहापैकी दहा. राहिलं अक्कलकोटवरनं एसटीनं येणारं एक पोरगं, त्यानं लिहिलं "पिन ढिली." दोन मार्क दिले. "सर, मोजलंय की." म्हटलं, बस खाली.

संध्याकाळी बॉक्स बंद करताना बघतो तर दाबलाय 8 नंबर. त्याला वायरच जोडलेली नाही. मग उणे 40 कुठनं आलं?

त्या पोराचा कागद परत काढला, त्यात त्यानं सगळं लिहिलेलं. कनेक्टर काढून दोन्ही पिना वायरनं शॉर्ट केल्या, रीडिंग 130 च्या वर गेलं, म्हणजे ईसीयूपर्यंत वायरिंग ठीक. सेन्सर मोजला, साधारण 1200 ओहम, त्या उन्हात बरोबरच. सेन्सर चांगला, वायर चांगली, मग दोष जोडातच! मी बॅटरी मारून बघितलं, कनेक्टरमधल्या एका टर्मिनलचं तोंड फाकलंय. प्रत्येक बॅच मल्टिमीटरचा जाड प्रोब समोरनं खुपसते. मागनं घाला म्हणून मी ओरडतो, पण त्याला बारीक पिना लागतात आणि त्यांचा मागणीचा कागद दोन वर्षं टेबलाटेबलावर फिरायलाय.

आणि ते तिघं? त्यांनी पिना शॉर्ट करून बघितल्या असत्या तर सिग्नल वायर लिहिलीच नसती. 7 नंबर माझा लाडका, मागच्या बॅचनं सांगितलं असणार.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं सांगितलं, दोनाचे दहा केले. पोरगं खूश वगैरे काही झालं नाही. हळूच म्हणालं, "सर, मग त्या तिघांचं?"

बघू म्हटलं. आज चौथा दिवस, रजिस्टरात त्यांचे दहा तसेच आहेत.