तुम्ही विचारलंत म्हणून: मॉरिशसला काय खायचं, कुठं हिंडायचं

"मॉरिशसला चाललोय, सहा दिवस आहेत. काय खाऊ, काय बघू?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं तिथं वाक्वा या गावात राहिलो, म्हणून लोक हक्कानं विचारतात. मलाही सांगायला मनापासून आवडतं, कारण बहुतेक जण समुद्रकाठच्या हॉटेलात उतरतात, सकाळ-संध्याकाळ तिथंच जेवतात आणि तो देश न चाखता परत येतात. आमच्याही पहिल्या चार दिवसांत तेच झालं. कंपनीनं ज्या हॉटेलात उतरवलं होतं तिथं रोज रात्री पनीर आणि पास्ता. जेवण वाईट नव्हतं, पण ते कुठल्याही देशात मिळालं असतं.

पाचव्या दिवशी आम्ही पोर्ट लुईला, म्हणजे तिथल्या राजधानीत, गेलो. बाजाराजवळच्या रस्त्यावर एक माणूस मोटरसायकलच्या मागे काचेची पेटी बांधून उभा होता. पेटीत पिवळसर, रुमालासारख्या मऊ पोळ्यांची चळत. लोक यायचे, "एन पेर" म्हणायचे. म्हणजे एक जोडी. तिथं दालपुरी जोडीनंच विकतात. कागदावर दोन पुऱ्या, त्यावर मोठ्या पांढऱ्या, आपल्या वालासारख्या दाण्यांची दाट रस्साभाजी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा दाट रस्सा, चटणी, आणि "पिमां?" असं विचारून मिरचीचा ठेचा. गुंडाळी करून हातात. उभ्याउभ्या खायचं.

सहा दिवसांत एकच गोष्ट खायची असेल तर ही खा.

नाव पुरी असलं तरी ती तळत नाहीत, तव्यावर भाजतात. करण्याची रीत पुरणपोळीच्या जवळची आहे. हरभऱ्याची डाळ शिजवायची, पण दाणा मोडेल इतपतच. निथळून कोरडी, भुरभुरीत वाटायची, हळद-जिरं-मीठ घालायचं आणि उंड्यात भरून लाटायची. सारण कडेपर्यंत गेलं पाहिजे, हा नियम तिथंही तितकाच कडक. आमच्या घरमालकीणबाईंनी मला शिकवलं तेव्हा डाळीचं पाणी मी सवयीनं वेगळ्या पातेल्यात काढून ठेवायला लागले. त्यांनी हात धरला. आपण ज्या कटाची आमटी करतो, त्या कटात त्या मैदा भिजवतात. दालपुरीचा मऊपणा त्यात आहे.

मग लोक म्हणतात, म्हणजे आपलंच की सगळं! असं म्हणून मोकळं होऊ नका, एवढी माझी विनंती आहे. बिहारकडून आलेल्या मजुरांनी ही डाळ-पीठाची आठवण नेली, आणि तिथल्या क्रिओल, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांच्या, स्वयंपाकातल्या कांदा-टोमॅटो-थाइमच्या रुगायशी तिची गाठ पडली. ती आता मॉरिशसची आहे. चिनी वंशाचा दुकानदार, क्रिओल बसचालक, तमिळ शिक्षिका, सगळे त्याच रांगेत उभे असतात.

म्हणूनच पोर्ट लुईला गेलात की बाजाराच्या आधी आप्रवासी घाटावर, म्हणजे मजूर जिथं उतरायचे त्या धक्क्यावर, जा. चालत काही मिनिटांचं अंतर आहे. 1834 साली गुलामगिरी संपण्याच्या बेतात असताना उसाच्या मळ्यांसाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. 2 नोव्हेंबर 1834 ला 'ॲटलास' जहाजातून 36 जण आले. पुढं 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं आली. काही तिथूनच दुसऱ्या वसाहतींत पाठवली गेली. घाटाच्या दगडी पायऱ्या अजून आहेत. 2006 पासून ती जागा जागतिक वारसा यादीत आहे. पाहायला अर्धा-पाऊण तास पुरतो. मी पाहुण्यांना घेऊन कितीदा तरी गेले, पण त्या पायऱ्यांशी उभी राहिले की दर वेळी घसा दाटून यायचा. जे उतरले त्यांच्या बोचक्यात काय असेल? थोडं बी-बियाणं, थोडी हळद, आणि डोक्यात घरच्या रांधण्याची रीत.

ती रीत बाजारात भाज्यांच्या नावांत ऐकू येते. कोथिंबिरीला तिथं 'कोतोमिली' म्हणतात, कढीपत्त्याला 'कारीपुले', दोडक्याला 'पिपांगाय'. ही सगळी तमिळातून आलेली नावं, फ्रेंच वळणाच्या जिभेवर घासून गोल झालेली. हळदीला 'साफ्रां' म्हणतात. मी पहिल्यांदा केशर समजून किंमत ऐकली आणि फारच स्वस्त वाटलं. पालेभाजीला 'ब्रेद', आणि 'ब्रेद मुरुम' म्हणजे शेवग्याचा पाला. लसूण-आलं घालून त्याचं पातळ, साधं कढण करतात. आजारपणात बाईंनी मला दोन दिवस तेच आणि भात दिला. हॉटेलाच्या यादीत ते क्वचित दिसेल. कुणाच्या घरी जेवायचा योग आला तर आवर्जून मागा.

बाजारात आलूदा प्या: थंड दूध, सब्जा आणि आगर-आगरचे किसलेले तुकडे. शेजारी गातो पिमां, म्हणजे वाटल्या डाळीचे कुरकुरीत वडे, लोणी लावलेल्या पावात घालून सकाळी खातात. वडापावच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. चायनाटाउनमधले बुलेत, म्हणजे गोळे, विशेषतः शूशूचे, वाफवलेले नि रश्शात सोडलेले, हेही सोडू नका. शूशू ही हिरवी, फिकट चवीची वेलीवरची फळभाजी. तिचा एवढा मान ठेवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

मासे खाणाऱ्यांनी विंदाय खावं. तळलेला मासा मोहरी, हळद, लसूण, मिरची आणि व्हिनेगरमध्ये मुरवतात. गोव्याचं विंदालू आणि हे, दोघांचं मूळ पोर्तुगीज. गोव्यात डुकराचं मांस झालं, इथं मासा किंवा ऊरित, म्हणजे ऑक्टोपस. मुरलेलं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. पावात भरून, समुद्राकडे तोंड करून खायचं.

हिंडण्याचं म्हणाल, तर दोन दिवस तरी बसनं फिरा. बेट सुमारे 65 किलोमीटर लांब आणि 45 रुंद, त्यामुळे हरवायची भीती नाही. संध्याकाळी बस लवकर बंद होतात, तेवढं सांभाळा. शामारेलची सातरंगी माती आणि धबधबा सगळे दाखवतातच, अर्ध्या दिवसात उरका. किनारे सुंदर आहेत, ते मी वेगळं काय सांगू. दक्षिणेला ग्री ग्रीला मात्र मुद्दाम जा. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचा बांध आहे म्हणून पाणी निवांत असतं. इथं तो बांध नाही, आणि समुद्र सरळ काळ्या कड्यावर येऊन आदळतो. नैर्ऋत्येचा ल मोर्न डोंगर, 556 मीटरचा, लांबून तरी थांबून बघा. पळून गेलेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. सेगा हे नाच-गाणं त्याच लोकांचं. रावान नावाचं बकऱ्याच्या कातड्याचं वाद्य वाजवण्याआधी जाळावर तापवतात, आपल्याकडे डफ शेकतात तसं.

सोमवार मात्र माहेबूरसाठी राखा. त्या दिवशी तिथं मोठा बाजार भरतो. तिथंच 1870 पासून चालत आलेला मॅनियॉक बिस्किटांचा कारखाना आहे. मॅनियॉक म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. चहाबरोबर गरम बिस्किट देतात. माझ्या आईनं खाल्लं आणि विचारलं, "उपासाला चालेल का गं?"

आता ज्या घासासाठी मी पुन्हा पुन्हा जाईन तो सांगते. आमच्या घरमालकीणबाई मराठी. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे, मुंबई बंदरातून गेलेले. नेमकं गाव त्यांना ठाऊक नाही. घरात क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून आलेली बोली, बोलतात, मराठी शाळेत शिकल्या. तिथं सरकारी प्राथमिक शाळांत मराठी विषय घेता येतो. मला 'ताई' म्हणत, आणि पुढचं वाक्य अडलं की हसून क्रिओलमध्ये पुरं करत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी त्यांच्याकडे सकाळपासून माणसं. पोरं आरती रोमन लिपीतल्या कागदावरून म्हणत होती, चाल मात्र अगदी आपल्या आळीतली. मग पुरुषांनी फेर धरून नाच केला. त्याला ते 'झाकरी' म्हणतात. कोकणातली जाखडी मी लहानपणी पाहिली होती. पाय तसेच पडत होते.

जेवायला बसलो. मोदक तळणीचे होते, सारणात गुळाऐवजी तिथली तपकिरी, ओलसर साखर. बाईंनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "तुमच्या गावात असाच असतो?" मी खरं ते सांगितलं, की आमच्याकडे उकडीचे करतात, सारण गुळाचं असतं, आणि हा वेगळा असून मला फार आवडला. त्यांनी वही आणली. उकडीची कृती लिहून घेतली, तांदळाची पिठी कशी दळायची ते दोनदा विचारलं. पुढच्या वर्षी त्यांनी दोन्ही केले, आणि मला फोटो पाठवला.

तुम्ही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर तारखा ठरल्या की मला सांगा. बाईंना फोन करून ठेवते.