तुम्ही विचारलंत म्हणून: कॅडफेलच का?

ऐतिहासिक रहस्यकथांची एकच मालिका सुचवायची झाली तर मी ब्रदर कॅडफेलचं नाव घेते. मग ठरलेला प्रश्न येतो: बाराव्या शतकातल्या इंग्लंडमधला एक मठवासी, त्याच्या गोष्टी आपण का वाचायच्या?

कॅडफेल मूळचा वेल्सचा. तरुणपणी क्रुसेडच्या, म्हणजे जेरुसलेमसाठी झालेल्या धर्मयुद्धाच्या, लढायांत आणि समुद्रावर आयुष्य काढलेला हा माणूस चाळिशीनंतर श्रूजबरीच्या मठात येतो आणि औषधी वनस्पतींची बाग सांभाळतो. सेव्हर्न नदीच्या वळणात वसलेलं श्रूजबरी हे तेव्हा लहानसं गाव. कोणाचे सांधे धरलेत, कोणाचा खोकला हटत नाही, कोणत्या घरात बाळंतपण जवळ आलंय, हे या माणसाला ठाऊक असतं. गुन्हा घडला की मेलेला आणि संशयित, दोघंही बहुधा त्याच्या ओळखीचे निघतात. माझ्या मते या मालिकेचं सगळं बळ इथे आहे. बाहेरून आलेला हुशार डिटेक्टिव्ह कोडं सोडवून निघून जातो. कॅडफेलला दुसऱ्या दिवशी त्याच घरी औषध घेऊन जायचं असतं.

'मंक्स हूड' या कादंबरीत तर त्याचं स्वतःचंच औषध विष ठरतं. मंक्सहूड म्हणजे आपल्या बचनागाच्या कुळातली वनस्पती. आयुर्वेदातही बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शोधन केल्याशिवाय पोटात देत नाहीत. कॅडफेल तिच्या मुळांचं तेल करतो, म्हाताऱ्या मठवासींचे सांधे चोळायला. कोणीतरी ते जेवणात मिसळतं. तो पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो आणि त्या माणसाच्या तोंडाला त्याला आपल्याच तेलाचा वास येतो. या विषाने ओठ-जीभ बधिर होतात, हातापायातली शक्ती जाते, श्वास अडखळतो, हृदय बंद पडतं. शुद्ध मात्र बराच वेळ शाबूत राहते. त्या खोलीतला प्रसंग म्हणूनच अंगावर येतो. पुढे शोध लागतो तोही औषध करणाऱ्याच्या अनुभवातून: बाटलीच्या बुचातून तेल झिरपतंच, आणि कापडाला लागलं की डाग आणि वास दोन्ही सहजी जात नाहीत. यापुढचं सांगणार नाही.

लेखिका एलिस पीटर्स, खरं नाव एडिथ पार्जेटर (१९१३–१९९५), श्रूजबरी ज्या परगण्यात आहे त्या श्रॉपशरमधल्याच. तरुणपणी त्यांनी औषधांच्या दुकानात काही वर्षं काम केलं होतं. कॅडफेल औषध कुटतो, गाळतो, उकळतो ती वर्णनं वाचताना ते जाणवतं.

इतिहासही नुसता पडद्यासारखा मागे टांगलेला नाही. राजा स्टीफन आणि त्याची मामेबहीण मॉड यांच्यातलं गादीचं भांडण तेव्हा देश पोखरत होतं. ११३८ मध्ये स्टीफनने श्रूजबरीचा किल्ला घेतला आणि मॉडच्या बाजूने लढणाऱ्या आतल्या शिबंदीला फासावर लटकवलं, हे खरंच घडलेलं. 'वन कॉर्प्स टू मेनी' मध्ये मठातर्फे त्या ९४ जणांचे अंत्यसंस्कार करायला कॅडफेल जातो आणि मोजतो तर प्रेतं ९५. एकाच्या गळ्यावरचा वळ फाशीच्या दोराचा नाही, बारीक दोरीचा आहे. राजाने एवढी माणसं मारल्यावर एका जास्तीच्या प्रेताची चौकशी कोण करणार? कॅडफेल करतो, कारण त्या पंचाण्णवाव्या तरुणाला कोणी शिक्षा सुनावलेली नव्हती. इतक्या साध्या न्यायबुद्धीवर उभी असलेली रहस्यकथा मला फार मोलाची वाटते.

वीसही कादंबऱ्या सारख्या तोलाच्या नाहीत. जवळजवळ प्रत्येकीत एक तरुण प्रेमी जोडपं असतं आणि त्यांचं भलं होणार हे लवकर कळतं. म्हणून १९७७ च्या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करायचा हट्ट नको. आधी 'वन कॉर्प्स टू मेनी' घ्या, मग 'मंक्स हूड'. कॅडफेलचा दोस्त ह्यू बेरिंगार पहिल्यांदा भेटतो तो त्या ९५ प्रेतांच्या गोष्टीत, आणि त्याच्यावर भरवसा ठेवावा की नाही हे तिथे बराच वेळ ठरवता येत नाही.